सोलकढी फुटली तेव्हा

गेल्या भाऊबीजेला माणगावला आत्याकडे गेलो होतो. पंगत बसायला उशीर झाला आणि पातेल्यातली सोलकढी फुटली. वर पांढरी साय, खाली नुसते गुलाबी पाणी. त्यातून जेवायला नवे व्याही यायचे होते! आत्याचा चेहरा पाहवेना.

कढीचा तरी काय दोष? तेल आणि पाणी मुळातच एकत्र न नांदणारी मंडळी. नारळाच्या दुधात तेलाचे बारीक थेंब प्रथिनांचे पातळ पांघरूण घेऊन पाण्यात तरंगत असतात. आगळाचा आंबटपणा भेटला की हीच प्रथिने एकमेकांना चिकटतात, थेंब गोळा होतात आणि दोघांची फारकत होते.

पांघरूण नको, कुंपण घाला, असा एक तोडगा आहे. 1903 साली रॅम्सडेन आणि 1907 साली पिकरिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, अतिसूक्ष्म घन कण थेंबाच्या कडेला जाऊन बसतात आणि सहसा हलत नाहीत. आता हे काम वनस्पतींच्या तंतूंकडून करून घेतात. गवत, लाकूड, कापूस या साऱ्यांचा सांगाडा सेल्युलोजचा. तो पिंजत गेले की केसाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक तंतू निघतात. ते थेंबाभोवती गुंततात, उरलेले पाण्यात जाळे विणतात. साध्या सेल्युलोजला कोकमाच्या आंबटाची प्रथिनांसारखी बाधाही होत नाही. गंमत अशी, की अमेरिकेत हे तंतू प्रथम काढले ते दूध एकजीव करण्याच्या यंत्रातून लाकडाचा लगदा पुनःपुन्हा दाबून! ते काम 1983 साली छापून आले.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने आत्याला सांगितले. भाताच्या पेंढ्यातूनही असे तंतू निघतात, हेही वर जोडले. तिने शांतपणे विचारले, "पेंढा तुमच्या कढीत गेला, तर माझ्या गाईने काय खायचे रे?"

प्रश्न बिनतोड होता. परसात पेंढ्याची उडवी दिसत होती आणि गाय तिच्याकडेच पाहत होती. शिवाय तंतू इतके बारीक करायला वीजही पुष्कळ लागते. तो खर्च घरगुती कढीला परवडायचा नाही. मलमे, रंग, बाटलीतली पेये यांचे कारखानदार तो करोत. मात्र माल गाईच्या तोंडचा नको. मुंबईत माटुंग्याला 1924 साली सुरू झालेली कापूस तंत्रज्ञानाची सरकारी संस्था आहे. तिथे कापसापासून असे तंतू काढण्याचा छोटा प्रायोगिक कारखाना उभा राहिला. सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू, जे सुताला उपयोगी पडत नाहीत, तेही या कामी चालतात. मला तरी ही वाट अधिक शहाणपणाची वाटते.

"कापूस चालेल," आत्या म्हणाली, "पण व्याही दारात आलेत, त्याचे काय?" आणि तिने खुंटीवरची रवी माझ्या हातात दिली. पहिली वाटी भरेपर्यंत मी घुसळत होतो.