शेंडीच्या कोंबडीची शोभा आणि दृष्टी

सांगली, मिरज व कुपवाड यांची १९९८ साली एक महानगरपालिका झाली, तथापि परसात चार कोंबड्या बाळगण्याची रीत या भागातून गेलेली नाही. अंड्यांसाठी वा मांसासाठी नव्हे, तर केवळ शोभेसाठी ठेवावयाच्या विलायती जातीही आता देशात विकत मिळतात. त्यांत डोक्यावर पिसांची भरघोस शेंडी असलेली पोलिश कोंबडी विशेष आकर्षक समजली जाते. ही शेंडी म्हणजे तांबडा मांसल तुरा नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

या शेंडीखाली काय असते हे पाहणे अगत्याचे आहे. मोठ्या शेंडीच्या पक्ष्याची कवटी वरच्या बाजूस घुमटासारखी फुगलेली असते, आणि तेथील हाड पुष्कळदा सलग नसून त्यास छिद्रे असतात. त्या जागी मेंदूवर कातडीवाचून फारसे संरक्षण राहत नाही. पिल्लाच्या डोक्यावर दुसऱ्या पक्ष्याची चोच जोराने बसली तर ते दगावू शकते. ही माहिती नवी नाही. विल्यम टेगेटमायर या इंग्रज कुक्कुटतज्ज्ञाने १८५६ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे या कवट्यांचे वर्णन मांडले, आणि डार्विननेही १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांचा विचार केला. १८६५ साली ब्रिटनमध्ये प्रदर्शनी कोंबड्यांची मानके प्रथम छापली गेली, त्यांचे संपादन याच टेगेटमायरने केले होते. म्हणजे दोष ठाऊक झाल्यावर मानके झाली, आणि तरीही मोठी, गोल शेंडी हेच या जातीचे भूषण ठरले. परक्या देशातील ही मोजपट्टी आपल्याकडे जशीच्या तशी उचलण्याचे काहीच कारण नाही.

दुसरा दोष दृष्टीचा आहे. पिसे डोळ्यांवर उतरली की पक्ष्यास समोरचे व वरचे नीट दिसत नाही. दाण्यापाशी तो मागे पडतो, माणसाची चाहूल लागताच दचकतो, आणि मोकळ्यावर सोडला तर वरून झडप घालणारी घार त्यास वेळेवर दिसत नाही. शौकीन मंडळी प्रदर्शनापूर्वी पिसांस कात्री लावू देत नाहीत. बक्षिसासाठी पक्ष्यास आंधळा ठेवणे यास हौस म्हणता येणार नाही. पाळलेल्या प्राण्यास अनावश्यक क्लेश होऊ न देणे हे मालकाचे कर्तव्य असल्याचे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमात सांगितलेच आहे.

उपाय पैदाशीतच आहे. शेंडीचा गुण अर्धवट प्रभावी आहे. दोन्ही पालकांकडून तो आला तर शेंडी मोठी होते, एकाकडूनच आला तर ती लहान राहते. म्हणून मोठ्या शेंडीचा नर मोठ्या शेंडीच्या मादीस लावू नये. साध्या डोक्याच्या मादीस तो लावल्यास पिल्ले मध्यम शेंडीची निघतात. पुढे अशी मध्यम शेंडीची जोडी जमविली तर सुमारे चौथा हिस्सा पिल्ले साध्या डोक्याची होतील, आणि तितकाच हिस्सा पुन्हा मोठ्या शेंडीची. साधी पिल्ले निघतात म्हणून शौकीन नाक मुरडतील, पण त्या पिल्लांची कवटी धड असण्याचा संभव अधिक. प्रदर्शनात परीक्षकांनी पक्षी जमिनीवर सोडून त्याच्या समोर व दोन्ही बाजूंस दाणे टाकावेत. जो चाचपडेल त्यास, शेंडी कितीही देखणी असो, बक्षीस देऊ नये.

उत्पन्नाच्या आशेने ही जात घेणाऱ्यास ग्रामसेवकांनी वेळीच सावध करावे. दुर्मिळ पक्ष्याच्या गाजावाजावर भुलून पैसा गुंतविल्याने काय होते, हे वाळवा तालुक्यात २०१९ साली उघडकीस आलेल्या कडकनाथ प्रकरणात जिल्ह्याने पाहिले आहे. अंड्यांचा धंदा करावयाचा असेल तर कोल्हापूरच्या शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्राकडे चौकशी करणे बरे.

ज्यांच्याकडे असे पक्षी आहेतच, त्यांनी डोळ्यांभोवतीची पिसे बोथट टोकाच्या कात्रीने छाटावीत, मात्र रक्त भरलेल्या कोवळ्या पिसांस हात लावू नये. शेंडीत उवा व गोचिडी लपतात, म्हणून ती दर आठवड्यास उलगडून पाहावी. पाण्याचे भांडे अरुंद काठाचे ठेवावे, म्हणजे शेंडी भिजत नाही. बसण्याची काठी जमिनीपासून हातभर उंचीवरच बांधावी आणि हे पक्षी गावठी कोंबड्यांपासून निराळ्या खुराड्यात ठेवावेत.