गोळीचे भोक आणि विमानातला दाब

२० सप्टेंबर २०१८ रोजी सकाळी जेट एअरवेजचे एक विमान १६६ प्रवासी घेऊन मुंबईहून जयपूरला निघाले आणि थोड्याच वेळात माघारी फिरले. केबिनमधला हवेचा दाब उतरला होता, छतातून ऑक्सिजनचे मास्क खाली आले होते आणि तीसेक प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आले होते. विमानाच्या पत्र्याला मात्र ओरखडाही नव्हता. इंजिनांकडून केबिनला हवा पुरवणारी यंत्रणा सुरू करायचे तेवढे राहून गेले होते.

विमानात गोळी सुटली, पत्र्याला भोक पडले, की दाब क्षणात जातो, माणसे बाहेर खेचली जातात आणि विमान फुटते, ही समजूत सिनेमाने पक्की केली आहे. ती तपासायची तर आधी विमानात हवा राहते कशी, हे पाहायला हवे.

३५,००० फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दाबाचा जेमतेम पाव असतो. आत मात्र ८,००० फुटांवर असतो तेवढा, किंवा त्याहून अधिक, दाब राखला जातो. म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्या साधारण दीडपट उंचीवर बसून आपण चहा पीत असतो. पण केबिन ही बूच लावलेल्या बाटलीसारखी बंद जागा नसते. बहुतेक विमानांत इंजिनातून काढलेली दाबाखालची हवा सतत आत येते आणि मुख्यतः शेपटीकडच्या एका व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. हा व्हॉल्व्ह कमीजास्त उघडून दाब सांभाळला जातो. वरून नळ सोडलेल्या आणि खाली तोटी उघडी असलेल्या टाकीसारखाच हा मामला आहे. टाकीला आणखी एक बारीक भोक पडले, तर तोटी थोडी आवळायची. पातळी तीच राहते.

आता गोळीचे भोक. नऊ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून त्या उंचीवर मिनिटाला अर्ध्या किलोच्या आसपास हवा बाहेर जाईल, असा ढोबळ हिशेब निघतो. विमानांच्या रचनेचा नियम दर माणशी मिनिटाला पाव किलो ताजी हवा धरतो. म्हणजे १८० जणांच्या विमानात मिनिटाला सुमारे ४५ किलो हवा आत येत असते आणि भोकातून जाते ती दोघांच्या वाट्याची. व्हॉल्व्ह किंचित मिटला की भरपाई झाली. अशी पाच-दहा भोके पडली, तरी यंत्रणेच्या हाताबाहेरची गोष्ट नव्हे. खेचले जाण्याचेही तसेच. आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक चौरस सेंटीमीटरला साधारण अर्धा किलो असतो, त्यामुळे भोकावर ठेवलेल्या हातावर साडेतीनशे ग्रॅमच्या आतबाहेरच ओढ बसेल.

अख्खी खिडकी निखळली, तर हिशेब बदलतो. तेवढ्या क्षेत्रफळावर जोर साडेचारशे किलोंच्या घरात जातो. १७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीच्या विमानाच्या इंजिनाचे तुकडे उडून खिडकी फुटली आणि शेजारच्या प्रवासी महिलेचा जीव गेला. तरीही विमान उतरले आणि बाकीचे वाचले. त्याच्या तीस वर्षे आधी, २८ एप्रिल १९८८ रोजी, हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या बोइंग ७३७ चे सुमारे १८ फूट लांबीचे छत २४,००० फुटांवर उडून गेले. एक कर्मचारी महिला दगावली. उरलेल्यांना घेऊन वैमानिकांनी ते उघडे विमान धावपट्टीवर आणले. हवेत सांगाडा फाटून झालेल्या १९५४ च्या कॉमेट विमानांच्या अपघातांतून अभियंते एक धडा शिकले होते. पत्र्याला चीर पडली, तरी ती पसरत जाऊ नये, अशी सांगाड्याची बांधणी तेव्हापासून होऊ लागली. गोळीचे छोटे भोक अशा सांगाड्याला फाडत नाही.

बॉम्बची गोष्ट वेगळी. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ अटलांटिकवर कोसळले आणि ३२९ जण गेले. तिथे सामानकक्षातल्या स्फोटाने विमानाचा सांगाडाच तोडला होता. गोळी आणि स्फोट यांना एकाच तागडीत तोलले, की भीतीही चुकते आणि उपायही.

मग गोळीबार निर्धोक आहे का? मुळीच नाही. धोका आहे तो माणसांना. ७ डिसेंबर १९८७ रोजी कॅलिफोर्नियात पीएसए कंपनीच्या विमानात नोकरीवरून काढलेल्या एका माणसाने पिस्तूल नेले आणि वैमानिकांना गोळ्या घातल्या. विमान डोंगरउतारावर आदळले आणि ४३ जण गेले. ते पडले ते विमान चालवणारे हात गेल्यामुळे. याउलट ६ सप्टेंबर १९७० रोजी ॲमस्टरडॅमहून न्यूयॉर्कला निघालेल्या एल अल कंपनीच्या विमानात अपहरणकर्ते आणि सुरक्षारक्षक यांच्यात उडत्या विमानातच झटापट व गोळीबार झाला. वैमानिक शाबूत होते, म्हणून विमान लंडनला उतरू शकले.

विमानातल्या गोळीबाराचा मुंबईला सर्वांत जवळचा घाव आहे तो पॅन ॲम ७३ चा. ५ सप्टेंबर १९८६ रोजी सहार विमानतळावरून निघालेले हे बोइंग ७४७ कराचीत जमिनीवर उभे असताना चार अपहरणकर्ते आत घुसले. विमानसेविका नीरजा भनोतच्या इशाऱ्यामुळे वैमानिक कॉकपिटमधून निसटले आणि विमान उडवणारेच कुणी उरले नाही. रात्री दिवे गेले, तेव्हा अपहरणकर्त्यांनी प्रवाशांवर गोळ्या झाडल्या, हातबॉम्ब फेकले. सुमारे वीस जणांचे प्राण गेले, त्यांत नीरजाही होती. जमिनीवरच्या विमानात दाबाचा प्रश्नच नव्हता. अरुंद केबिनमध्ये गर्दीवर झाडलेली गोळी काय करते, ते मात्र तिथे दिसले.

म्हणून विमानतळावरची तपासणी, वैमानिकांच्या कक्षाचे मजबूत, गोळी अडवणारे दार आणि साध्या वेशातले स्काय मार्शल यांचे कारण पत्र्याच्या नाजूकपणात शोधू नये. कंदाहारच्या विमान अपहरणानंतर आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे (एनएसजी) जवान स्काय मार्शल म्हणून येऊ लागले. अशा माणसाने विमानात गोळी झाडायची ठरवली, तर त्याला आधी समोरच्याच्या मागे कोण बसले आहे ते पाहावे लागते. चुकलेली गोळी तारा किंवा नियंत्रणाच्या नळ्यांतही शिरू शकते; ही शक्यता कमी असली, तरी नाकारता येत नाही.

दाब जाण्याचा खरा धोका बहुधा गाजावाजा न करता येतो. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात दाबयंत्रणेचा स्विच स्वयंचलितऐवजी हाताने चालवण्याच्या स्थितीत राहिला. वैमानिक आणि बहुतेक प्रवासी बेशुद्ध झाले, विमान इंधन संपेपर्यंत उडत राहिले आणि १२१ जण गेले. ३५,००० फुटांवर दाब गेला, तर माणसाला शुद्धीत काही करायला अर्धा ते एक मिनिट मिळते. मास्क काही मिनिटेच पुरतो, पण तेवढ्यात वैमानिक विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणतो आणि तिथे मास्कविना श्वास घेता येतो. ‘आधी स्वतःचा मास्क, मग मुलाचा’ ही सूचना आईबापांना निष्ठुर वाटते. पण मुलाचा मास्क लावता लावता आईच बेशुद्ध पडली, तर दोघेही गेले.

अशा सूचना आता नव्या प्रवाशांपर्यंतही पोचायला हव्यात. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आहेत. रायगड जिल्ह्यातल्या पेण, हमरापूर, रोहा या पट्ट्याला विमानतळ आता मुंबईच्या गर्दीपलीकडे राहिलेला नाही. जोहे-हमरापूरच्या कारखान्यांतल्या गणेशमूर्ती परदेशी जातात. मूर्ती घडवणाऱ्यांच्या घरातली माणसेही आता विमानाची पहिली पायरी चढतील. त्यांना कळेल अशा भाषेत सुरक्षेची माहिती मिळायला हवी. इथून उडणाऱ्या कंपन्यांनी मास्क, पट्टा आणि बाहेर पडण्याची दारे यांविषयीच्या सूचना मराठीतही द्याव्यात आणि आसनासमोरच्या पत्रकावर मराठी मजकूर छापावा. हे काम फार खर्चाचे नाही. प्रवाशांनीही सूचना चालू असतानाच्या त्या दोन मिनिटांत मोबाइल खाली ठेवावा.