लांब केसांस कंगवा कोणता?

एका वाचकभगिनीनें विचारलें आहे कीं, "माझे केस कमरेखालीं जातात. ते न तुटतां सरळ व मऊ बसावेत असा, फार किंमत न पडणारा ब्रश कोणता घ्यावा?" हा प्रश्न टक्कल पडलेल्या एका निवृत्त मास्तरास कां विचारावा, म्हणून आमच्या घरीं बरीच हंसाहंस झाली. परंतु गेलीं दोन वर्षें रोज सकाळीं अर्धा तास मी याच विषयाचा अभ्यास करीत आहें, हें त्या हंसणाऱ्यांसहि ठाऊक आहे. तेव्हां उत्तर देण्याचा थोडासा अधिकार मला आला आहे असें समजून लिहितों.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत आमच्या सौ.स अर्धांगवायूचा झटका आला. जव्हाराहून मोखाडा, त्र्यंबक या वाटेनें भर पावसांत तिला नाशकास नेलें. प्राण वांचला, वाचा हळूहळू परत आली, उजवा हात मात्र अजून म्हणावा तसा वळत नाहीं. त्या धांवपळींत तिच्या केसांकडे पाहण्यास कोणास सवड होती? तिसऱ्या आठवड्यांत पाहतों तों, उशीवर घांसून घांसून मागच्या बाजूस नारळाएवढा गोळा झालेला. परिचारिका मोठी प्रेमळ होती. ती म्हणाली, "आजोबा, कापून टाकूं या. त्यांनाहि सोपें पडेल." त्यावर सौ.नें डावा हात डोक्यावर ठेवला आणि ती रडूं लागली. झटका आल्यापासून तिच्या डोळ्यांतून पाणी आलेलें मीं तेव्हां प्रथम पाहिलें.

त्या परिचारिकेस याचें कारण कळणें शक्य नव्हतें. माझ्या वडिलांची आत्या सोळाव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं आली ती आमच्याच घरीं शेवटपर्यंत राहिली. तांबडें आलवण, आणि महिन्यामहिन्यास मागल्या दारीं येणारा न्हावी, हें मीं लहानपणीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. १९८३ सालीं सौ. सून म्हणून घरांत आली, तेव्हां ही आत्या अंथरुणास खिळलेली होती. तिचें सारें सौ.नेंच केलें. रोज दुपारीं आत्या तिला जवळ बसवी, आणि आपल्या थरथरत्या हातांनीं तिचे केस विंचरी. स्वतःस जें सत्तर वर्षें मिळालें नाहीं तें दुसरीच्या डोक्यावर करून पाही. असें असल्यावर 'कापून टाकूं या' हे शब्द आमच्या घरांत सोपे कसे असणार?

शेजारच्या खाटेवर वावर गांवाकडील एक म्हातारी होती व तिची सून सोबतीस होती. तिचा मुलगा कोणे काळीं माझ्या वर्गांत होता, म्हणून ती मला 'मास्तर' म्हणे. मी नवा कंगवा आणून तो मुळापासून खालीं ओढीत आहें आणि सौ. दांतओठ खात आहे, हें तिनें दोन दिवस पाहिलें. तिसऱ्या दिवशीं ती उठून आली, कंगवा माझ्या हातांतून घेतला आणि म्हणाली, "मास्तर, वरून नका ओढूं. शेंड्याकडून या." तिनें बोटांस खोबरेल लावलें, करंगळीएवढी एक बट वेगळी केली आणि गुंत्याच्या वरच्या अंगास ती डाव्या मुठींत घट्ट धरली. त्यामुळें ओढ मुठींतच राहते, टाळूपर्यंत पोहोंचत नाहीं. मग शेवटचे दोन बोटें लांबीचे शेंडे मोकळे केले, मग त्यांच्या वरचे दोन बोटें. पाण्याचा थेंब लावूं दिला नाहीं. छत्तीस वर्षें मीं मुलांस समासाचा विग्रह शिकविला. विग्रह शेवटच्या टोकाकडूनहि करतां येतो, हें मला त्या दिवशीं एका अक्षरशत्रु बाईनें शिकविलें. पांच संध्याकाळीं मिळून गोळा सुटला. बरेच केस गेले, परंतु वेणी राहिली.

तिचें शास्त्र मागाहून ग्रंथांतून ताडून पाहिलें, तें खरें निघालें. केसाचें बाहेरचें आवरण आपल्या कौलारू छपरासारखें असतें. कौलावर कौल, आणि प्रत्येकाचें तोंड शेंड्याकडे. म्हणून मुळाकडून शेंड्याकडे बोट फिरविलें तर केस गुळगुळीत लागतो, उलट फिरविलें तर खरबरीत. भिजला म्हणजे तो फुगतो, रबरासारखा ताणतो, आणि त्याचें बळ उणें होतें. न्हाऊन आल्याबरोबर खसाखसा विंचरणें घातक तें यासाठीं. डोक्याचा केस महिन्यास सुमारें सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेशीं पोहोंचलेला शेंडा पांच-सहा वर्षांचा असतो. इतकीं उन्हें, इतके साबण आणि आमच्या जव्हारचे इतके पावसाळे त्यानें सोसलेले असतात. एकाच केसाचें मूळ बालक आणि शेंडा वृद्ध. वृद्धाशीं वृद्धासारखेंच वागावें. कंगव्यांत रोज पन्नास ते शंभर केस येणें स्वाभाविक आहे. लांब केसांचा पुंजका मोठा दिसतो इतकेंच, त्यानें घाबरून जाऊं नये.

आतां साधनांकडे वळूं. भगिनीनें ब्रश विचारला आहे, पण ब्रश हें दुसरें साधन; पहिला कंगवा. गुंता काढावा कंगव्यानें, आणि केस बसवावे ब्रशानें. या दोन कामांची गल्लत झाली म्हणजे ब्रश केस तोडतो आणि दोष त्याच्या किमतीवर जातो. कंगवा विरळ दांत्यांचा घ्यावा. दांते टोंकांस गोल असावेत आणि दोन दांत्यांत निदान पेन्सिलीचें टोंक सहज फिरावें. सांच्यांतून ओतलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या कंगव्यांत प्रत्येक दांत्याच्या अंगास, जेथें सांच्याचे दोन भाग जुळतात तेथें, एक बारीक धार राहते. डोळ्यांस ती दिसत नाहीं, पण केसांस प्रत्येक खेपेस तासते. दुकानांतच कंगवा मनगटाच्या आंतल्या बाजूवर फिरवून पाहावा, आणि नंतर पदराच्या रेशमी कांठावरून. रेशमाचा धागा अडकला तर केसहि अडकणार. मी नाशकास मेन रोडवर ही परीक्षा करीत उभा असतां दुकानदारानें माझ्याकडे ज्या नजरेनें पाहिलें तिचें वर्णन करीत नाहीं.

लाकडी कंगवा, विशेषतः कडुनिंबाचा किंवा शिसवीचा, चांगला. थंडीच्या कोरड्या दिवसांत प्लास्टिकनें केस विजेनें फुलून उभे राहतात, तसें लाकडानें फारसें होत नाहीं. मात्र तो पाण्यांत भिजत ठेवूं नये. लांकूड फुगतें, आणि वाळतांना दांत्यांवर बारीक तुसें निघतात. ओल्या फडक्यानें पुसून तेलाचें बोट फिरवावें. आमच्याकडे सासूबाईंच्या वेळची शिंगाची दुहेरी फणी होती, ती आतां दांते पडून ऐन्यामागें विश्रांति घेत आहे. बारीक फणी ही उवा-लिखांसाठीं. रोजच्या विंचरण्यास लांब केसांत ती कधींच घालूं नये. एकत्र कुटुंबांत मुलींनीं एकच कंगवा फिरवूं नये, हें सांगून सांगून माझी जीभ थकली आहे.

ब्रशाची मजा वेगळीच आहे. थोरल्या सुनेनें सासूसाठीं हौसेनें एक भारी ब्रश मागविला. इंग्लंडांत १८८५ सालीं मेसन पिअर्सन नांवाच्या यंत्रज्ञानें रबराच्या गादीवर केसांचे झुबके बसवून जो ब्रश काढला, त्याच्या धर्तीवरचा तो होता. मूळचा अस्सल घ्यावयाचा तर आपल्या देशांत दहा हजारांहून अधिक रुपये पडतात. हा त्यामानानें स्वस्त. मऊपणा अप्रतिम. तीन दिवस सौ. प्रसन्न होती. चौथ्या दिवशीं तिनें विचारलें, "अहो, हे केस कशाचे हो?" खोटें बोलण्याची मला सवय नाहीं. मीं सांगितलें, "रानडुकराचे." ब्रश त्याच क्षणीं अंगणांत गेला, आणि तिनें डोक्यावरून पाणी घेतलें. सून बिचारी खट्टू झाली. तरी वस्तुस्थिति अशी कीं, या केसाचा गुण खरा आहे: तो टाळूजवळचें तेल शेंड्यापर्यंत पोहोंचवितो. ज्यांस चालतें त्यांनीं खुशाल वापरावा. ज्यांस चालत नाहीं त्यांनीं वेष्टणावर काय लिहिलें आहे तें आधीं वाचावें, आणि मऊ नायलॉनचा घ्यावा. १९३८ सालीं अमेरिकेंत नायलॉनचा दांतांचा ब्रश प्रथम विकावयास आला, तेव्हांपासून ही सोय झाली आहे. टोंकांस मणी असलेले ब्रश घेतल्यास मणी पडले कीं टाकून द्यावेत, उघडी टोंकें टाळू ओरखडतात. आणि रोज शंभर हात ब्रश फिरविण्याची जी युरोपीय रीत पूर्वीं सांगत, ती त्वचेचे वैद्य आतां मान्य करीत नाहींत. दहा-पंधरा हात पुरे.

तेलाविषयीं एकच गोष्ट. २००३ सालीं मुंबईच्या रेले व मोहिले या संशोधकांनीं दाखविलें कीं, धुण्यापूर्वीं खोबरेल लावलें असतां केसांतील प्रथिन कमी वाहून जातें; सूर्यफुलाच्या व खनिज तेलानें तसें होत नाहीं. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते, हें सांगितलें पाहिजे. पण आमच्या आज्यांनीं कोणत्याहि कंपनीची वाट पाहिली नव्हती.

अमरकोशांत कंगव्यास 'प्रसाधनी' व 'कङ्कतिका' अशीं नांवें आहेत. त्याहून जुनी साक्ष अथर्ववेदाच्या चौदाव्या कांडांत, विवाहाच्या सूक्तांत आहे: तेथें शंभर दांत्यांच्या कंगव्यास वधूच्या केसांतला मळ काढण्यास सांगितलें आहे. पॅलेस्टाइनकडे लाखीश येथें सांपडलेल्या, सुमारें ३७०० वर्षांपूर्वींच्या हस्तिदंती फणीवर उवा जाव्यात अशी प्रार्थना कोरलेली आहे. ती अक्षरें २०२२ सालीं प्रसिद्ध झालीं. म्हणजे वेदकालीन वधू आणि त्या परदेशी फणीचा धनी, दोघांची अडचण आमच्या नातींचीच.

तेव्हां भगिनीस माझें उत्तर असें. दीडशें रुपयांच्या आंत मिळेल असा विरळ लाकडी कंगवा आधीं घ्या, आणि मऊ नायलॉनचा साधा ब्रश नंतर. केस सुकल्यावर, शेंड्याकडून, बट मुठींत धरून गुंता काढा, ब्रश त्यानंतरच. पैसा उरला तर तेलास घाला. याहून महाग कांहीं लागत नाहीं, वेळ मात्र लागतो, आणि तो स्वतःचा नसेल तर घरांतील कोणीतरी द्यावा लागतो.

आमच्याकडे तो मी देतों. वेणी तीन पेडांची जमते, आगवळ अजून सैल बसतो. भांग पाडण्यास कंगव्याचें टोंक जाड पडतें, म्हणून सुनेची विणकामाची सुई घेतों. सीमंतोन्नयनाच्या वेळीं पतीनें साळिंदराच्या कांट्यानें पत्नीचा भांग पाडावयाचा असतो. तो विधि मीं थोरल्याच्या वेळीं, १९८५ सालीं, भटजी सांगतील तसा घाईघाईनें उरकला होता. तेव्हां ती लाजून खालीं पाहत होती. आतां डाव्या हातांत आरसा धरून नीट पाहते, आणि म्हणते, "अहो, आजहि वांकडाच गेला. पुन्हां पाडा."