खुलासा नसलेला हुकूम

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात गुंजाला नावाचे गोंडांचे गाव आहे. हैदराबाद विद्यापीठाच्या प्रा. जयधीर तिरुमल राव यांच्या चमूला तिथे सुमारे डझनभर हस्तलिखिते मिळाली. लिपी गोंडांची स्वतःची, पण ती वाचू शकणारी माणसे गावात मोजकीच उरलेली. ती उरली होती हेच नशीब! जून २०१८ मध्ये ही लिपी युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत दाखल झाली. एखादी लिपी युनिकोडमध्ये घालण्याचा प्रस्ताव कसा असतो? अक्षर कसे लिहितात, मात्रा कुठे लागते, हे माणसांसाठी समजावून सांगितलेले असते आणि त्याच कागदात संगणकासाठीच्या ओळीही असतात.

आता आपल्या गोव्यातल्या कचेऱ्यांत या. कुणीतरी हुशार कारकून एक स्क्रिप्ट लिहितो. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या हुकमांची फाइल. ती याद्या जुळवते, महिन्याचा तक्ता काढते. वर्षभराने त्याची बदली होते. तिसऱ्या ओळीत काही नावे का गाळली आहेत, हे कुणालाच ठाऊक नसते. फाइलीला हात लावायला सगळे घाबरतात आणि ती तशीच चालू राहते. लोकांची कामे अडली की उत्तर ठरलेले : "संगणक घेत नाही." ही आपली गुंजालाची पोथी. फक्त ती वाचणारा म्हातारा आपल्याकडे नाही.

यावर तोड जुनी आहे. डोनाल्ड कनूथ यांनी १९८४ साली 'लिटरेट प्रोग्रॅमिंग', म्हणजे साक्षर प्रोग्रॅमिंग, मांडले. प्रोग्राम माणसाला समजावून सांगण्यासाठी लिहावा आणि यंत्राचा भाग त्यातूनच काढावा. छपाईसाठीचा त्यांचा 'टेक' हा प्रोग्राम असाच लिहिलेला आहे. आज ईमॅक्स संपादकातल्या ऑर्ग-मोडमध्ये हे फुकटात करता येते. फाइल साध्या मजकुराची. खुलासा लिहीत जायचे, हुकमांच्या तुकड्याला वर-खाली खुणेच्या ओळी द्यायच्या आणि तो कोणत्या स्क्रिप्टमध्ये जायचा ते वरच्या ओळीत लिहायचे. मग एक आज्ञा दिली की सगळे तुकडे वेचून स्क्रिप्ट तयार होते. या वेचण्याला 'टँगल' म्हणतात.

लगेच आक्षेप येतात. स्क्रिप्ट दहा ओळींची, तिला एवढा पाल्हाळ कशाला? १९८६ साली हाच वाद झाला होता. एखाद्या मजकुरातले सर्वाधिक वेळा येणारे शब्द काढणारा प्रोग्राम कनूथ यांनी आपल्या पद्धतीने कित्येक पाने भरून लिहिला. डग्लस मॅकइलरॉय यांनी तेच काम सहा हुकमांत करून दाखवले. हा किस्सा सांगणारे पुढचे सांगत नाहीत : त्या सहा हुकमांखाली मॅकइलरॉय यांनी एकेका हुकमाचा खुलासा लिहिला होता! ओळी कमी झाल्या, खुलाशाची गरज गेली नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे. तयार झालेली स्क्रिप्ट कुणी हाताने दुरुस्त केली, तर मूळ दस्तऐवज खोटा पडतो. पण हा शिस्तीचा प्रश्न आहे. प्रमाणित नकलेवर खाडाखोड करून कुणी मूळ नोंद बदलली म्हणत नाही. दुरुस्ती मुळात करायची, नक्कल पुन्हा काढायची. हे कारकुनाला शिकवावे लागते काय?

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला : हे मराठीत कुठे जमणार? मराठीला राजभाषेचा मान मिळावा म्हणून आपण १९८७ पासून भांडत आलो. भांडण रास्तच आहे. पण ज्या भाषेत कचेरीतला खुलासा कुणी लिहीत नाही, ती व्यासपीठावर कितीही गाजवली तरी टेबलावर परकीच राहणार. हुकूम संगणकाच्या भाषेत राहू देत. 'ही नावे का गाळली' हे सांगायला मराठी पुरेशी आहे, आणि यासाठी कुठल्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

तेव्हा मागणी एवढीच. बदलीच्या वेळी चार्ज घेणाऱ्याने खुलाशाची फाइल मागावी, तिच्यातून आपल्यासमोर स्क्रिप्ट काढून चालवून पाहावी आणि मगच सही करावी.