ओढ्यावरचा सूड

वाचकहो, सणासुदीच्या अंकात ही हकिगत सांगावी की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. पण गाव म्हणजे काय हे तिने मला जितके शिकविले, तितके भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकाने शिकविलेले नाही. म्हणून सांगतोच.

चेक देशात, प्रागच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर लिदित्से नावाचे खेडे आहे. १९४२ साली तिथे पाचशेच्या आसपास वस्ती होती. गावातून ओढा वाहत होता. तळे होते, शाळा होती, संत मार्टिनचे चर्च होते. बरेचसे पुरुष जवळच्या क्लाद्नो शहरी खाणींत नाहीतर पोलादाच्या कारखान्यांत राबत.

२७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये हायड्रिख या नाझी सत्ताधीशावर हल्ला झाला आणि ४ जूनला तो मेला. सूडासाठी नाझींनी हे खेडे निवडले. कटाशी त्याचा संबंध असल्याचा पुरावा नव्हता. १० जूनला गावातले १७३ पुरुष गोळ्या घालून मारले. बायकांना राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत धाडले. पुढे ८२ मुले पोलंडमध्ये विषारी वायूने मारली.

तेवढ्यानेही त्यांचे समाधान झाले नाही. घरे जाळली, चर्च सुरुंगाने उडविले, थडगी उकरली, तळे बुजविले आणि ओढ्याचा प्रवाहसुद्धा वळविला. माणसे मारणारे इतिहासात पुष्कळ झाले. ओढ्यावर सूड उगविणारे विरळाच! मला वाटते, ओढा जागेवर राहिला तर गाव राहील, हे त्यांनाही कळत होते.

पण गाव राहिलेच. त्याच वर्षी मेक्सिकोतल्या एका वस्तीने लिदित्सेचे नाव घेतले. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटच्या खाणकामगारांनी गाव पुन्हा वसविण्यासाठी वर्गणी काढली. युद्ध संपल्यावर १४३ बायका परतल्या. मुले मात्र १७ च सापडली. त्यांतली काही जर्मन घरांत वाढलेली. आई समोर उभी, पण तिच्याशी बोलायला आईची भाषा उरली नव्हती!

नवे लिदित्से जुन्या जागेच्या शेजारी उभे राहिले. जुन्या जागेवर घरे बांधली नाहीत. तिथे गवत आहे आणि त्या ८२ मुलांचे पुतळे आहेत. १९६७ पासून गावात मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरते. आपल्या देशातली मुलेही तिथे चित्रे पाठवितात.

तुमच्या घरी रंगाची पेटी घेऊन बसणारे मूल असेल, तर त्याला या गावाचे नाव सांगा. आणि तिथला ओढा कुणी, का वळविला, तेही सांगा.