ओढ्याकाठचा तास

गंगा, यमुना, नर्मदा यांची उगमस्थाने अचूक सांगणारा विद्यार्थी शाळेमागच्या ओढ्याचे नाव विचारताच पुष्कळदा गोंधळतो. दोष त्याचा नव्हे. तो ओढा कोणत्या नदीला मिळतो, हे गुरुजींनीही कधी पाहिलेले नसते. पाण्याचे शिक्षण देऊ पाहणाऱ्या शिक्षकाची वाट बहुधा या अज्ञानाच्या कबुलीपासूनच सुरू होते.

ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुला केला. आणि १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, वाहून जाणारे पावसाचे पाणी ताली व बंधारे घालून शेतांत मुरवावे, असे सुचविले. शाळेपासून हौदापर्यंत आणि हौदापासून बांधापर्यंत हा शिक्षक पाण्याच्या मागोमाग गेला.

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात, अंकुशनगरसारख्या गावी, हे काम अधिकच नाजूक होते. गाव साखर कारखान्याचे. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली व उद्घाटन १९७६ साली. त्याचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा या मुलुखाला पाणी देतो. त्या पाण्यावर ऊस वाढला, उसाच्या पैशावर घरे उभी राहिली. पण ऊस मोठा तहानेला. आणि २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातील कित्येक गावे टँकरची वाट पाहत बसली होती. बागायतदाराचा मुलगा आणि जिच्या घरी घागरभर पाण्यासाठी पायपीट होते अशी मुलगी एकाच बाकावर बसतात. शिक्षकाने कोणाची बाजू घ्यावी?

त्याने मोजमाप शिकवावे. उपदेश मुले ऐकतात आणि विसरतात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी झाले. या भागात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेव्हा शाळेच्या १०० चौरस मीटर छपरावर ७०,००० लिटर पाणी पडते, आणि बहुतेक सारे वाहून जाते! मग विहिरीत दोरी सोडावी: दिवाळीत पाणी किती हातांवर होते, चैत्रात किती? आपला काळा खडक पाणी फारसे धरीत नाही. भेगांत आणि मुरमात मावेल तेवढेच. म्हणून एकाने खोल कूपनलिका घेतली, की शेजाऱ्याची विहीर आटू शकते. हे मुले घरी जाऊन सांगतील. एखादा बाप रागावेलही. शिक्षकाने तेवढी तयारी ठेवावी.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा निर्देश दिला. पुस्तके आली, गुणही आले. ओढ्यापर्यंत वर्ग नेणे मात्र अजून शिक्षकाच्याच हौसेवर अवलंबून आहे. मुले चिखलाने माखतात, वेळापत्रक बिघडते, मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठ्या पडतात. परतताना एखादी मुलगी हटकून विचारते, “गुरुजी, हा ओढा पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे?” याचे उत्तर पुस्तकात नसते, ते गावातील म्हाताऱ्यांना ठाऊक असते. पुढचा तास त्यांच्या ओट्यावर भरवावा.