भाषणं उतरवून घ्या, पण पुराव्यासकट

मुरबाड-शहापुरातल्या मुलामुलींनो, तुमच्यापैकी काहीजण कॉलेजात पायथन शिकताय. आमदार सभागृहात काय बोलले, सरकारनं कोणता निर्णय काढला, हे संकेतस्थळांवरून कोडनं उतरवून घ्यायचं म्हणताय. जरूर घ्या. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात, पाणी जातं मुंबईला, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर. या पाण्याबद्दल कोण कधी काय बोललं, याची नोंद गावाकडे असलीच पाहिजे.

फक्त काही गोष्टी सांभाळा.

आधी एकच विषय धरा. टँकर म्हणा, नाहीतर रस्ता. वर्षंही ठरवा. विधिमंडळाचं कामकाज, शासन निर्णय, उमेदवारांची शपथपत्रं वेगवेगळ्या ठिकाणी असतात. फाइल सरळ डाउनलोड होत असेल, तर कोड लिहूच नका.

कोड हळू चालवा. दोन पानांमध्ये काही सेकंद थांबा. टँकर आल्यावर एकाच घरानं सगळे हंडे पुढे लावले तर बाकीच्यांनी काय करायचं? संकेतस्थळाचंही तसंच. तुमच्या घाईनं दुसऱ्या कुणाचं काम अडतं.

लॉगिन मागितलं, अडवलं, तर मागे फिरा. परवानगीशिवाय आत शिरलात तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अंगाशी येतो. त्यापेक्षा माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या घराला फी नाही.

मूळ पीडीएफ कधीच पुसू नका. शासन निर्णयावर संकेतांक असतो. तो, तारीख आणि पानाचा पत्ता एकाच ओळीत लिहून ठेवा. जुन्या फॉन्टमधलं मराठी कॉपी केलं की अक्षरांची खिचडी होते. स्कॅन केलेला कागद यंत्रानं वाचला तर १ चा ९ होतो. म्हणून मंजूर रकमेचा प्रत्येक आकडा मूळ कागदाशी डोळ्यांनी ताडून बघा. एक आकडा चुकला, की तुमचं बाकीचं खरंही कुणी ऐकत नाही.

भाषणातलं एकच वाक्य तोडून स्टेटसला लावू नका. प्रश्न कुणाचा, उत्तर कोणत्या मंत्र्याचं, तेही सोबत द्या. शपथपत्रात घरचा पत्ता असतो, बायकामुलांची नावं असतात. ती ग्रुपवर फिरवू नका.

आईवडिलांनो, तुम्हालाही एक सांगणं. निवडणूक आली, की कुणीतरी म्हणतं, “मतदारांची नावं फोन नंबरासकट काढून दे, पैसे देतो.” मुलांना नाही म्हणायला सांगा. प्रकरण चौकीवर गेलं, तर काम सांगणारा नामानिराळा राहतो आणि तुमचं पोरगं अडकतं.

जमवलेलं लॅपटॉपमध्ये ठेवून उपयोग नाही. दोन पानांत मांडा, छापा आणि ग्रामसभेत वाचा. कुणी “हे कुठून आणलं?” विचारलं, तर मूळ कागद पुढे करा.